सवित्याकडे मागितलेली बुद्धी

(रथसप्तमीनिमित्त निरूपण)

॥ श्रीसूर्यनारायण प्रसन्न ॥



माघ शुद्ध सप्तमी हा भगवान सूर्यनारायणाचा जन्मदिवस मानला जातो. या दिवशी आपल्या घरोघरी पाटावर रक्तचंदनाने सूर्य व त्याचा रथ रेखाटतात, तुळशीपुढे गोवऱ्यांच्या विस्तवावर बोळक्यात दूध तापत ठेवतात, आणि ते उतू गेले म्हणजे वडीलधारी मंडळी समाधानाने हात जोडतात. संक्रांतीपासून चाललेल्या हळदीकुंकवाची सांगताही याच दिवशी होते. आपल्या पूर्वजांनी शिंदे सरकारच्या छावणीबरोबर येऊन या लष्करात घरे बांधली, त्यास दोनशे वर्षे होऊन गेली. बोलण्यात हिंदी मिसळली, ताटातील पदार्थ बदलले. परंतु रथसप्तमीचे हे दूध अद्याप चुकलेले नाही. ज्या दैवताची उपासना इतक्या निष्ठेने चालली आहे, त्याच्यासंबंधी आज थोडा विचार करावयाचा आहे.

मुंज झालेला बटू जो पहिला मंत्र शिकतो, तो सवित्याचा. त्या गायत्री मंत्रात आपण काय मागतो, इकडे लक्ष द्यावे. तेथे धन मागितलेले नाही, संतती मागितलेली नाही, शत्रूचा नाशही मागितलेला नाही. आमच्या बुद्धीस प्रेरणा मिळावी, एवढीच मागणी आहे. आता विचार करा. जो दररोज देवाजवळ बुद्धी मागतो, त्याने ती बुद्धी जे दाखवील ते पाहण्याचीही तयारी ठेवावयास नको काय? दिवा मागावयाचा आणि दिवा घरात आला की डोळे मिटून बसावयाचे, हे याचकास शोभत नाही.

हे सांगण्याचे कारण असे की, आपल्या घरातील मुले आता शाळेत शिकतात की सूर्य हा तप्त वायूचा गोळा आहे, अगणित ताऱ्यांपैकी एक तारा आहे. एखादा नातू सरळ विचारतो, ‘‘आजोबा, सूर्य जर वायूचा गोळा असेल, तर आपण नमस्कार कोणाला करतो?’’ या प्रश्नास आपल्याकडून बहुधा तीन उत्तरे मिळतात. कोणी मुलास गप्प बसवितो. कोणी छातीठोकपणे सांगतो की, हे सर्व आमच्या ऋषींनी आधीच लिहून ठेवले आहे, पाश्चात्त्यांनी ते आमच्यापासून घेतले. आणि कोणी मनातल्या मनात शरमून हळूच पाट आणि रक्तचंदन माळ्यावर टाकतो. या तिन्ही उत्तरांनी मुलाचे समाधान होत नाही. पहिल्याने त्याची जिज्ञासा मरते, दुसऱ्याने त्याच्या मनातील सत्याची चाड मरते आणि तिसऱ्याने त्याचा भक्तिभाव मरतो. म्हणून चौथे उत्तर शोधले पाहिजे. आणि त्यासाठी प्रथम शास्त्रज्ञ सूर्याविषयी काय म्हणतात हे शांतपणे ऐकले पाहिजे.

सूर्य आपल्यापासून सुमारे १५ कोटी किलोमीटर दूर आहे. त्याचा व्यास सुमारे १४ लाख किलोमीटर, म्हणजे आपल्यासारख्या १०९ पृथ्व्या एका ओळीत मांडाव्यात एवढा आहे. त्याच्या पृष्ठभागाचे तपमान सुमारे साडेपाच हजार अंश आणि गाभ्याचे सुमारे दीड कोटी अंश आहे. येथे कोणीही सुज्ञ श्रोता विचारील की, तेथे कोणी गेलेले नाही, मग हे कळले कसे? प्रश्न रास्त आहे. ऑगस्ट कोम्त नावाच्या फ्रेंच तत्त्ववेत्त्याने १८३५ साली असेच लिहिले होते की, तारे कशाचे बनले आहेत हे मनुष्यास कधीही कळणार नाही. तीस वर्षांच्या आतच त्याचे हे म्हणणे खोटे ठरले.

ते कसे, हे आपल्या माताभगिनींना सहज समजेल. गॅसच्या निळ्या ज्योतीवर मिठाचे पाणी उतू गेले की ज्योत क्षणभर पिवळी होते. हा पिवळा रंग मिठातील सोडियम नावाच्या द्रव्याचा आहे. अशी प्रत्येक मूलद्रव्याची प्रकाशातील खूण ठरलेली असते. प्रकाश लोलकातून नेऊन त्याचा पट्टा पसरला की त्यात या खुणा बारीक रेषांच्या रूपाने दिसतात. एका द्रव्याच्या रेषा दुसऱ्याशी जुळत नाहीत. म्हणजे प्रकाश हा आपल्या घरचा पत्ता बरोबर घेऊनच निघतो. तो वाचता आला पाहिजे, इतकेच.

१८ ऑगस्ट १८६८ रोजी आपल्या देशात खग्रास सूर्यग्रहण झाले. ते पाहण्यासाठी जान्सेन नावाचे फ्रेंच शास्त्रज्ञ आंध्रातील गुंटूर येथे येऊन राहिले होते. त्या वर्षी सूर्याच्या कडेवरील ज्वालांच्या प्रकाशात एक पिवळी रेषा आढळली, ती पृथ्वीवरील कोणत्याही ज्ञात द्रव्याच्या रेषेशी जुळेना. तेव्हा हे नवे द्रव्य असले पाहिजे असे अनुमान निघाले आणि ग्रीक भाषेतील सूर्यवाचक शब्दावरून त्याचे नाव हीलियम ठेवले गेले. तेच द्रव्य पृथ्वीवर सापडण्यास १८९५ साल उजाडावे लागले. सूर्याची ओळख आधी पटली आणि घरातील वस्तूची मागाहून, असा हा चमत्कारिक प्रकार होय.

पुढची पायरी एका भारतीयाने घातली. पूर्व बंगालातील खेड्यात, गरीब दुकानदाराच्या घरी जन्मलेल्या मेघनाद साहा यांनी १९२० साली असे सूत्र दिले की, ज्यामुळे या रेषांवरून ताऱ्याचे तपमान आणि त्यातील द्रव्यांची स्थिती यांचा हिशेब करता येऊ लागला. त्या सूत्राच्या आधारे सेसिलिया पेन या पंचविशीतील विदुषीने १९२५ साली दाखविले की, तारे मुख्यतः हायड्रोजन या सर्वांत हलक्या वायूचे बनलेले आहेत. ज्येष्ठ ज्योतिर्विद रसेल यांस हे अशक्य वाटले. त्यांच्या सल्ल्यावरून त्या तरुणीने स्वतःच्याच प्रबंधात, हा निष्कर्ष बहुधा खरा नसावा, असे लिहिले. चार वर्षांनी रसेल स्वतंत्र मार्गाने त्याच निष्कर्षास पोहोचले आणि त्यांनी तो जाहीरपणे मान्य केला. वयाने व मानाने मोठ्या असलेल्या मनुष्याने लहानाचे म्हणणे खरे होते असे कबूल करणे, हीदेखील एक तपश्चर्याच आहे.

मग ही धुनी जळते कशावर? सूर्य कोळशाचा असता तर काही सहस्र वर्षांत विझला असता. परंतु पृथ्वीवरील खडक कोट्यवधी वर्षांची साक्ष देतात. हे कोडे आइन्स्टाइन यांच्या १९०५ सालच्या सिद्धांताने सुटण्याच्या मार्गास लागले. वस्तुमान आणि ऊर्जा ही एकाच तत्त्वाची दोन रूपे आहेत, असा तो सिद्धांत. सूर्याच्या गाभ्यात हायड्रोजनचे चार अणुगर्भ टप्प्याटप्प्याने एकत्र येऊन हीलियमचा एक अणुगर्भ होतो, आणि त्यात किंचित वस्तुमान कमी पडते. हायड्रोजनपासून हीलियम होण्याची ही रीत हान्स बेथे यांनी १९३९ साली सविस्तर मांडली. सूर्यात दर सेकंदास सुमारे ६० कोटी टन हायड्रोजनचे हीलियम होते आणि त्यांतील सुमारे ४० लाख टन वस्तुमान प्रकाश व उष्णता होऊन निघून जाते. आपण वाचलेल्या या एका वाक्याच्या अवधीत सूर्याने कित्येक कोटी किलो स्वतःमधून वेचून दिले. हा यज्ञ सुमारे ४६० कोटी वर्षे चालला आहे आणि आणखी सुमारे ५०० कोटी वर्षे चालेल. त्यानंतर समिधा संपतील.

सकाळी अर्घ्य देताना ओंजळीतील पाण्यावर जो किरण चमकतो, तो सूर्याच्या पृष्ठभागावरून ८ मिनिटे २० सेकंदांपूर्वी निघालेला असतो. परंतु गाभ्यात उत्पन्न झालेली ऊर्जा दाट द्रव्यातून ठेचकाळत, वाट बदलत पृष्ठभागापर्यंत येण्यास हजारो, कदाचित लाखो वर्षे लागतात. मनुष्याने पहिले अक्षर कोरण्याच्या कितीतरी आधी निघालेली ऊब आज आपल्या तळहातावर उतरते. हे कळल्यावर अर्घ्य देणाऱ्याचा हात मागे येईल, की अधिक आदराने पुढे होईल?

काही मंडळी म्हणतील, ही मोजमापे आणि हिशेब शाळेत ठीक आहेत, देवळात कशाला? त्यांनी एकदा आपल्याच किल्ल्याच्या चढणीवर जावे. तेथे एका अखंड खडकात कोरलेले चतुर्भुज विष्णूचे लहानसे मंदिर आहे. त्यात विक्रम संवत ९३३ चा, म्हणजे इसवी सन ८७६ चा शिलालेख आहे. देवाच्या फुलबागेसाठी दिलेली जमीन २७० हात लांब व १८७ हात रुंद असून देवास दररोज ५० माळा मिळाव्यात, असा त्यातील आशय. या २७० आणि ५० मध्ये शून्य आज आपण लिहितो तसेच वाटोळे कोरलेले आहे. ज्यांचा काळ निश्चित ठाऊक आहे अशा भारतातील अतिप्राचीन शून्यांत त्याची गणना होते, आणि जगभरचे गणिती ते पाहण्यास येतात. ज्या अंकावाचून आज सूर्याचे अंतर लिहिता येणार नाही, तो अंक आपल्या गावात देवाच्या माळा मोजण्यासाठी कोरला गेला. मोजणाऱ्यास तेव्हा भक्ती आणि गणित यांत वैर दिसले नाही.

उज्जैनची वेधशाळाही अशीच. सवाई जयसिंगांनी अठराव्या शतकात ती बांधली. उज्जैन ग्वाल्हेर संस्थानात होते. पडझड झालेल्या त्या वेधशाळेचा १९२३ साली माधवराव शिंदे यांच्या कारकिर्दीत जीर्णोद्धार झाला. ती यंत्रे उभारण्याचा हेतू हाच की, पंचांगातील गणित आकाशाशी ताडून पाहावे. आकाश आणि पोथी यांत अंतर पडले तर आकाश प्रमाण मानून पोथीत दुरुस्ती करावी, हा आपल्या ज्योतिर्विदांचा जुना धर्म आहे. त्यालाच दृक्प्रत्यय म्हणतात.

हे अंतर आजही आपल्या घरात आहे. संक्रांतीस उत्तरायण लागते असे आपण म्हणतो, पण सूर्य प्रत्यक्षात उत्तरेकडे वळतो तो २१-२२ डिसेंबरला. पृथ्वीचा आस फिरत्या भोवऱ्याप्रमाणे सुमारे २६ हजार वर्षांत एक फेरी घेतो. त्यामुळे नक्षत्रांवरून ठरविलेली आपली मकरसंक्रांत ऋतूंच्या मानाने सुमारे ७२ वर्षांत एक दिवस पुढे सरकते. १९५२ साली भारत सरकारने पंचांगशुद्धीसाठी समिती नेमली, तिचे अध्यक्ष होते तेच मेघनाद साहा, ज्यांनी सूर्यप्रकाशाचे गणित सोडविले. त्या समितीच्या शिफारशीवरून २२ मार्च १९५७ पासून राष्ट्रीय पंचांग सुरू झाले. संक्रांतीस तीळगूळ अवश्य वाटावा. परंतु मुलाने विचारले तर उत्तरायणाचा खरा दिवस त्यास सांगावा. तीळगुळाची गोडी त्याने कमी होत नाही.

आता दुसऱ्या उत्तराकडे वळू. ‘आमच्या ग्रंथांत हे सर्व आहे,’ असे म्हणणाऱ्यांचा हेतू वाईट नसतो. त्यांना आपल्या ग्रंथांचा मान राखावयाचा असतो. पण त्याने मान राहतो काय, हे एका उदाहरणाने पाहू. ज्ञानेश्वरीच्या चौथ्या अध्यायात माउलींनी कर्मातील अकर्म समजावताना सूर्याचा दृष्टांत दिला आहे. न चालता सूर्य चालताना दिसतो, तसा ज्ञानी पुरुष कर्म करताना दिसूनही अकर्ता असतो, असा त्याचा भाव. यावरून पुष्कळ लोक सांगतात की, सूर्य स्थिर असल्याचा शोध माउलींनी कोपर्निकसच्या आधी लावला. आता ऐका. आजचे ज्योतिषशास्त्र सांगते की सूर्यही स्थिर नाही. तो सेकंदास दोनशेहून अधिक किलोमीटर वेगाने आकाशगंगेच्या केंद्राभोवती फिरत आहे आणि त्यास एका प्रदक्षिणेस सुमारे २३ कोटी वर्षे लागतात. मग माउली खोटे ठरले काय? मुळीच नाही. त्यांना खगोल सांगावयाचा नव्हता, नैष्कर्म्य सांगावयाचे होते. आणि तो उपदेश सूर्य फिरो वा न फिरो, तितकाच खरा आहे. ग्रंथाच्या गळ्यात विज्ञानाचे पदक बांधणारा मनुष्य नकळत त्या ग्रंथास विज्ञानाच्या दारात परीक्षेस उभा करतो. विज्ञान उद्या पुढे सरकले की नापास होण्याची नामुष्की ग्रंथावर येते.

सूर्याच्या सात घोड्यांविषयीही असेच. हे घोडे म्हणजे प्रकाशाचे सात रंग होत, असे आता सर्रास सांगतात. परंतु इंद्रधनुष्यात रंगांच्या सात निरनिराळ्या पेट्या नाहीत. तांबड्यापासून जांभळ्यापर्यंत छटा अखंड एकमेकींत मिसळत जातात. न्यूटन यांनी संगीताच्या सप्तकाशी मेळ घालून रंग सात मोजले, एवढेच. ज्या संख्येस विज्ञानातच पक्का आधार नाही, तिच्यावर पुराणाचा मोठेपणा कशास टांगावा? सप्ताश्वांचे चित्र सुंदर आहे, पूज्य आहे. त्यास प्रयोगशाळेच्या दाखल्याची गरज नाही.

आपल्या पूर्वजांचा जो खरा मोठेपणा आहे, तो मात्र मुलांस अवश्य सांगावा. आर्यभटांनी इसवी सन ४९९ मध्ये पृथ्वी स्वतःभोवती फिरते असे लिहिले आणि ग्रहणे ही छायेमुळे होतात असे गणितासह दाखविले. पुढील मोठमोठ्या आचार्यांनी पृथ्वीच्या गतीचे त्यांचे मत खोडून काढण्याचा यत्न केला, तरी त्यांचे गणित देशात शिकले गेले. असा वाद घालण्याची आपली रीत होती.

ती रीत आपल्या काळात एका मराठी पुरुषाने चालविली. डॉ. जयंत नारळीकर यांचा जन्म १९३८ साली कोल्हापुरास झाला. वडील विष्णु वासुदेव नारळीकर काशीच्या हिंदू विश्वविद्यालयात गणिताचे प्राध्यापक होते, म्हणून बालपण काशीत गेले. केंब्रिजमध्ये फ्रेड हॉयल यांच्यासमवेत त्यांनी गुरुत्वाकर्षणाचा नवा सिद्धांत १९६४ साली मांडला. विश्वास एका महास्फोटाने आरंभ झाला हे मत बहुसंख्य शास्त्रज्ञांनी स्वीकारल्यावरही ते आपले वेगळे मत पुराव्यानिशी मांडीत राहिले. बहुमताने त्यांस वाळीत टाकले नाही. परदेशचा मान सोडून ते १९७२ साली स्वदेशी परतले, १९८८ साली पुण्यास ‘आयुका’ ही संस्था त्यांच्या नेतृत्वाखाली उभी राहिली, आणि विज्ञान मराठीत सांगणे त्यांनी अखेरपर्यंत सोडले नाही. २० मे २०२५ रोजी पुण्यात त्यांचे निधन झाले. त्याच आयुकेत बनलेली एक दुर्बीण आज सूर्याकडे दृष्टी लावून आहे. २ सप्टेंबर २०२३ रोजी श्रीहरिकोट्याहून निघालेले ‘आदित्य एल-१’ हे यान ६ जानेवारी २०२४ रोजी पृथ्वीपासून १५ लाख किलोमीटरवरील आपल्या स्थानी पोहोचले. त्याच्यावर उपकरणे सात आहेत. कोणी म्हणेल, हेच ते सात घोडे! हा योगायोग गोड मानावा. पुरावा मानू नये.

आता नातवाच्या मूळ प्रश्नाकडे येऊ. नमस्कार कोणाला? एखाद्या घरचा मुलगा डॉक्टर होतो. आईच्या देहात हाडे किती, रक्तात द्रव्ये कोणती, हृदय कसे चालते, हे सर्व त्यास कळते. म्हणून तो आईच्या पाया पडणे सोडतो काय? त्याच्या ज्ञानाने आई लहान झाली नाही. उलट, आपणास वाढविताना या देहाने काय सोसले हे इतरांपेक्षा त्यालाच अधिक कळते. नमस्कार हा ऋणाचा स्वीकार आहे. आपल्या ताटातील अन्नाचा कण, विहिरीचे पाणी, आपल्या रक्तातील ऊब, हे सर्व त्या जळणाऱ्या गोळ्याचे दान आहे, आणि तो देताना झिजतो आहे हे आता मापासह ठाऊक झाले आहे. ज्याचे ऋण मोजता आले त्याच्याविषयी कृतज्ञता वाढावी, हाच मनुष्यधर्म. आणि त्या गोळ्यात, त्या नियमांत, ते नियम जाणणाऱ्या बुद्धीत एकच चैतन्य आहे असे ज्यास वाटते, त्याने तसे अवश्य मानावे. विज्ञान त्यास हो म्हणत नाही आणि नाहीही म्हणत नाही. तो ज्याच्या त्याच्या अनुभवाचा प्रांत आहे.

हे बोलण्यापुरते राहू नये म्हणून दोन गोष्टी सुचवितो. पहिली अशी की, प्रत्येक घरातील मुलांनी गच्चीवर किंवा अंगणात एक मीटर लांबीची काठी ओळंब्याने उभी रोवावी आणि दर रविवारी मध्यान्ही तिच्या सर्वांत आखूड सावलीच्या टोकाशी खूण करावी. हेच आपले शंकुयंत्र. २२ डिसेंबरच्या सुमारास ही सावली सुमारे ११८ सेंटीमीटर भरेल, आणि २१ जूनच्या सुमारास जेमतेम ५ सेंटीमीटर. उज्जैनला त्या दिवसांत मध्यान्हीची सावली क्षणभर पायाखाली नाहीशी होते; ग्वाल्हेर कर्कवृत्ताच्या उत्तरेस असल्याने येथे ती कधीच पूर्ण लोपत नाही. वर्षभर ज्याने या खुणा केल्या, त्यास उत्तरायण कोणी सांगावयास नको.

दुसरी गोष्ट ग्रहणाची. ग्रहणातील सूर्याकडे उघड्या डोळ्यांनी मुळीच पाहू नये. डोळ्याच्या पडद्यास दुखल्याशिवाय इजा होते आणि ती भरून येत नाही. साधा काळा चष्माही चालत नाही. परंतु भीतीने मुलांस अंधाऱ्या खोलीत कोंडू नये, आणि गर्भवती लेकीसुनांस उपाशी व धास्तावलेल्या ठेवू नये. चंद्राची सावली पोटातील बालकास काहीही करीत नाही. सूर्याकडे पाठ करून स्वयंपाकघरातील पिठाची चाळणी उन्हात धरावी. तिच्या प्रत्येक छिद्रातून जमिनीवर एकेक कोरलेला सूर्य उमटेल. स्नान, जप, दान ज्याच्या त्याच्या श्रद्धेप्रमाणे करावे. पण आधी लेकरांना तो चमत्कार दाखवावा.

सज्जनहो, भक्तीस सत्याचे भय वाटू लागले की समजावे, भक्तीच्या ठिकाणी दुसरेच काहीतरी येऊन बसले आहे. रथसप्तमीस दूध उतू जाईल तेव्हा हात जोडून सवित्याजवळ नेहमीचेच मागणे मागू या. आणि ती बुद्धी आपल्या नातवंडांच्या प्रश्नांच्या रूपाने दारात उभी राहिली, तर तिला परत पाठवू नये, एवढे सामर्थ्यही मागू या.

श्रीसूर्यनारायण आपणां सर्वांस आरोग्य, सत्यनिष्ठा आणि निर्मळ दृष्टी देवो, हीच त्याच्या चरणी प्रार्थना.

॥ शुभं भवतु ॥